जो आधी संपवेल त्याने भांडी घासायची

११ जानेवारी

स. न. वि. वि.

(यातला 'स' सप्रेमचा असतो. सवयीने पडला आहे, मनावर घेऊ नकोस.)

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. घर सोडताना तू जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्यांपैकी एक घेऊन गेलास. नेण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. परंतु तू नेलीस ती धड खुर्ची, आणि मागे ठेवलीस ती डुगडुगणारी. हिचा मागचा डावा पाय बाकीच्या तिघांशी फटकून वागतो. घास तोंडाशी नेला की ही पुढे झुकते, चमचा ताटलीत गेला की मागे. सूप प्यायला बसलं की समुद्रप्रवास घडतो. सभ्य माणसं वेगळी होताना निदान खुर्च्यांच्या चिठ्ठ्या टाकतात.

तू म्हणशील, तीन वर्षं झोपली होतीस का. झोपले नव्हते, उभी होते. तीन वर्षांत मी त्या खुर्चीवर एकदाही बसले नव्हते. मी ओट्यापाशी उभ्याने जेवते. जेवते म्हणजे पाव, चीज, चहा, आणि कधी अंगात उत्साह संचारला तर एखादं सफरचंद. बसायला वेळ लागतो, आणि बसलं की समोर कोण नाही ते दिसतं.

मग आता का बसलीस, तर डॉक्टरांच्या हुकमावरून. ऐक, हेही सांगून टाकते. गेल्या महिन्यात ऑफिसात नव्या मिक्सरचं माहितीपत्रक लिहीत होते. 'मोटर थकल्यास यंत्र आपोआप बंद पडेल. काही वेळ विश्रांती द्यावी व मग पुन्हा सुरू करावे.' एवढं वाक्य लिहिलं आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. शेजारी आमची चित्रकार झाकणाचं चित्र काढत होती. तिने रुमाल दिला आणि म्हणाली, "मी इथे दहा वर्षं यंत्रं काढतेय, मिक्सरसाठी रडणारी बाई पहिल्यांदा पाहिली. पोट कसं आहे तुझं?"

मी म्हटलं, रडतात डोळे, पोटाचा काय संबंध. पण पोट काही ठीक नव्हतंच. वर्षभर दुपारनंतर ढोलासारखं फुगायचं. झोप तुकड्यातुकड्यांनी यायची. सकाळी उठल्या उठल्या जगाचा राग यायचा, आणि जग तर अजून भेटलेलंही नसायचं. हे सगळं मी वयावर ढकललं होतं. वय काही तक्रार करत नाही, त्याच्यावर काहीही ढकलावं.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. आत वाईट काही नाही. मग त्यांनी विचारलं, "खाता काय?" मी सांगितलं. "आणि जेवायला वेळ किती लागतो?" मी विचार करून म्हटलं, चार मिनिटं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, पोट आणि डोकं यांचं दिवसभर बोलणं चालू असतं," त्या म्हणाल्या, "आणि त्यात जास्त बोलतं ते पोट. तुम्ही त्याला रोज घाईघाईने पाव आणि हवा खायला घालता. ते डोक्याला चांगलं काय सांगणार?"

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली. माझ्या आतड्यांत म्हणे अब्जावधी सूक्ष्म जीव वस्तीला असतात. भाज्या, फळं, दही, कडधान्यं असं निरनिराळं मिळालं की ते खूश राहतात, नाहीतर घरमालकाला छळतात. म्हणजे मी एकटी राहते हे आजवर सगळ्यांना सांगत आले ते साफ खोटं. घर भरलेलं आहे. फक्त जेवायला कोणी समोर बसत नाही.

तर हुकूम असा, की बसून, सावकाश, नीट चावून जेवायचं. बसले. चावलं. घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं, त्यातली दोन खुर्चीने घेतली. एकट्या माणसाला हळू जेवता येत नाही, हा शोध मी तुझ्या माहितीसाठी नोंदवते.

नानांकडे अधूनमधून डोकावत जा असं तू लिहिलंस. बाप तुझा, डोकावायचं मी, आणि सूचना पाचशे कोसांवरून. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. पण जाईन. तशी काळजी नसावी. दर रविवारी ते तुला फोनवर काय काय जेवले ते सांगतातच की.

२ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

नाना उत्तम आहेत. जेवणखाण व्यवस्थित. तब्येत छान. काळजी करू नये.

त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. ज्या माणसाने जन्मभर लिफ्ट तपासल्या त्याच्याच इमारतीत ही अवस्था. जिन्यावर मला दोनदा थांबावं लागलं. ते म्हणतात, दोरी बदलायला हवी. सोसायटी म्हणते, बघू. मग ते उतरत नाहीत आणि सोसायटी बघत नाही.

माझं पोट थोडं बरं आहे. हात मात्र खरखरीत झालेत. हल्ली साबणाचं पाणी फार लागतं. संध्याकाळी फोन केलास तर मी उचलणार नाही, घरी नसते. कुठे असते ते विचारू नकोस.

ऑफिसात साहेबांनी कुकरच्या माहितीपत्रकातून एक वाक्य काढायला लावलं. मी लिहिलं होतं, 'वाफ पूर्ण जाईपर्यंत झाकण उघडण्याची जबरदस्ती करू नये.' साहेब म्हणाले, जबरदस्ती हा शब्द ग्राहकाला लागेल. मी म्हटलं, वाफ त्याहून जास्त लागेल. वाक्य राहिलं.

बाकी काही विशेष नाही.

२६ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तीन पानी पत्रात खरा प्रश्न एकच, तोही शेवटच्या ओळीत, लाजत उभा: 'कोणी भेटलं का?'

हो. भेटलं. वय एक्क्याऐंशी. वरच्या बाजूला पूर्ण कवळी, खालच्या बाजूला स्वाभिमान. नाव सांगायची गरज नाही, तुझं आडनाव तेच आहे.

आता आधीच्या पत्रात लिहिलेलं सगळं पुसून टाक आणि हे वाच. नाना उत्तम नव्हते. जानेवारीत मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा दार उघडायला त्यांना इतका वेळ लागला की मला वाटलं घरात कोणी नाही. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर होता. फ्रिजमध्ये एक पातेलं. त्यात सोमवारी केलेलं भोपळ्याचं सूप, रविवारपर्यंत पुरवायचं. नवी कवळी टोचते म्हणून चावायचं बंद, एकट्यासाठी काय करायचं म्हणून करायचं बंद, लिफ्ट बंद म्हणून बाजार बंद. दिवसभर खिडकीशी. रेडिओवर पाककृतींचा कार्यक्रम लागतो तो मात्र चुकवत नाहीत.

मी म्हटलं, "नाना, तुम्ही तर त्याला फोनवर सांगता, कोशिंबीर केली, भाजलेल्या भाज्या केल्या, गाजराचं अमुक केलं."

"रेडिओवाली बाई सांगते ना. मी पुढे कळवतो."

"खोटं का सांगता?"

"सूनबाई, तो तिकडे बसून काय करणार? उगाच त्याच्या पोटात गोळा कशाला?"

मला सूनबाई म्हणू नका, आमचं मोडलंय, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात तेच म्हणाले, "मोडलं ते तुमचं दोघांचं. माझी सून मोडायला मला कोणी विचारलं नव्हतं."

मग मी खाली जाऊन बटाटे, बीन्स, दही, तांदूळ आणले. मऊ भात आणि भाजी केली. दोघं बसलो. मी माझ्या रिवाजाप्रमाणे चार मिनिटांत संपवलं आणि ताटली घेऊन उठले. नानांचे तीन घास झाले होते. ते वर न बघता म्हणाले, "सूनबाई, बस. माझी ताटली अजून जेवतेय."

बसले. काय करणार. माणूस चावतो आहे हे बघत बसण्याइतकं लांबलचक काम दुसरं नाही. तू त्यांचाच मुलगा, तुझ्यासमोर मी हे काम किती वर्षं टाळलं ते तुला माहीत आहे. तू जाताना म्हणाला होतास, "तू माझ्याबरोबर जेवलीस कधी? मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो तेव्हा तुझ्या हाताला साबण असायचा." मी म्हटलं होतं, भांडी वाळतात. आजही तेच म्हणते. तू समोर पेपर उभा धरून जेवायचास. मी काय पेपराच्या मागच्या पानाशी गप्पा मारायच्या होत्या? मागचं पान खेळांचं असायचं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. नानांनी नियम काढला: जो आधी संपवेल त्याने भांडी घासायची. मी म्हटलं, ही बेइमानी आहे, तुमच्या तोंडात कवळी आणि माझ्या तोंडात माझे दात. म्हणाले, "मग दे दात आणि घे कवळी."

साबणाच्या पाण्याचं रहस्य ते हे. पहिले कित्येक दिवस मीच घासली. मग मी शिकले. एक घास घ्यायचा आणि चमचा खाली ठेवायचा. तोंड मोकळं झालं की काहीतरी बोलायचं. त्यांनी एखाद्या जुन्या अडकलेल्या लिफ्टची गोष्ट काढली की ऐकायचं, कारण ऐकताना चावता येतं. पण नाना पक्के. मी हळू झाले म्हटल्यावर हरायला नको म्हणून ते आणखी डावभर भात वाढून घेऊ लागले. मग मी पण. परवा मी शेवटचा बीन्सचा दाणा ताटलीत तसाच राखून धरला होता आणि त्यांनी बटाट्याची एक फोड. दोघं एकमेकांच्या ताटलीकडे बघत बसलो होतो. खालच्या मजल्यावरची बाई काही मागायला आली होती, ती आम्हाला बघून तशीच परत गेली.

शर्ट आता त्यांच्या अंगावरचा वाटतो. खुंटीवरचा नाही. परवा ते जिना उतरून कोपऱ्यापर्यंत आले. माझं पोट दुपारी गप्प असतं. झोप एका तुकड्यात येते. परवा कुकरच्या झाकणाबद्दल लिहिताना मी गुणगुणत होते. आमच्या चित्रकाराने पुन्हा रुमाल काढून ठेवला, म्हणाली, हे लक्षण त्याहून वाईट.

हे सगळं तुला लिहायचं नव्हतं. लिहिते आहे, कारण तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, हवापाण्याच्या मध्येच, तू लिहिलंस की नाना फार खंगलेत असं तुला शेजाऱ्यांनी कळवलं, म्हणून तिकडच्या एका ज्येष्ठ निवासात तू त्यांच्यासाठी खोली ठरवली आहेस, एप्रिलपासून. शेजाऱ्यांनी कळवलं ते जानेवारीतलं. बातमी चालत आलेली दिसते.

खोली रद्द कर. मी मागते आहे असं समज. त्यांना तिथे सगळं वेळेवर मिळेल, मला माहीत आहे. मऊ, पौष्टिक, मीठ कमी. पण त्यांच्या ताटलीकडे हरण्याच्या भीतीने कोण बघणार?

आणि माझ्या ताटलीकडे?

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. पेन चांगलं आहे, खोडलेलं दिसतं. राहू दे.

२४ मार्च

स. न. वि. वि.

रविवारच्या फोनवर तू जे बोललास ते तुला माहीत आहे. इकडच्या बाजूला काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

फोन स्पीकर सुरू करून टेबलावर मधोमध ठेवला होता. मी गप्प राहायचं असं ठरलं होतं. नानांनी तुला विचारलं, "आज काय जेवलास?" आणि तू म्हणालास, "सूप केलं, भाजलेल्या भाज्या, सॅलड, मग थोडं फळ."

नानांचा चमचा हवेत थांबला. तू पुढे लिफ्टचं विचारलंस, हवेचं विचारलंस, निवासाच्या खोलीला खिडकी आहे म्हणालास. ते हं हं करत राहिले. मध्ये तू काहीतरी चघळत होतास. "काय खातोस?" त्यांनी विचारलं. "गोळी. ॲसिडिटीची. रोजचंच आहे," तू म्हणालास. "झोप?" "ठीक आहे." ठीक आहे हे तू कसं म्हणतोस ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

फोन ठेवल्यावर नाना म्हणाले, "खोटं बोलतोय."

"कशावरून?"

"क्रमावरून. सूप, भाज्या, सॅलड, फळ. माणूस जेवल्याचं सांगतो तेव्हा जे आवडलं ते आधी सांगतो. ही रेडिओची यादी आहे. मी हेच करत होतो. आणि सूनबाई, एकट्या माणसाने स्वतःसाठी सॅलड चिरलंय असं मी आजपर्यंत पाहिलं नाही."

मग त्यांनी माझ्यासमोर एक अशक्य गोष्ट केली. ताटली भराभर संपवली. मी अर्ध्यातही नव्हते. उठले, बाह्या सरसावल्या आणि भांडी घासायला लागले. मी म्हटलं, नाना, आज हरलात. पाठमोरेच म्हणाले, "मला त्याच्याकडे जायचंय."

"निवासात?"

"निवासात कशाला? तिथे शंभर माणसं एकमेकांसमोर बसून जेवतात. त्याच्यासमोर कोण आहे? तुझं पोट लागलं मार्गाला. आता त्याचं बघतो."

नाना उत्तम आहेत, हे मी आता खरंखरं लिहू शकते. दोन महिने मी त्यांच्या ताटलीत भात वाढत होते तो त्यांनी उठून चालायला लागावं म्हणूनच. कुठल्या दिशेने चालायचं ते मी विचारलं नव्हतं.

ते येतील असं फोनवर तुला सांगतीलच. तू नाही म्हणू नकोस. घर लहान आहे, मी दिवसभर बाहेर असतो, वगैरे सांगू नकोस. तुझ्याकडे एक धड खुर्ची आहे हे मला पक्कं माहीत आहे. आणखी एक घे.

८ एप्रिल

स. न. वि. वि.

तू न्यायला आलास तेव्हा मी वर आले नाही. समोरच्या फुटपाथवर, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. तू बारीक झालास. बॅग तुझ्या हातात, कवळीचा डबा त्यांच्या हातात, आणि तीन मजले उतरून ते तुझ्या आधी गाडीशी पोचले. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या माझा फोटो दवाखान्यात लावतील.

आता काही सूचना. हा माझा धंदा आहे, तेव्हा नीट वाच. नानांसमोर पेपर उभा धरायचा नाही. खाण्यात रोज काहीतरी वेगळं ठेवायचं. त्यांना नाही, तुलाच त्याची जास्त गरज आहे, तुझ्या आत जे भाडेकरू आहेत ते गेली तीन वर्षं गोळ्यांवर जगतायत. बीन्स चांगले मऊ शिजव. त्यांनी लिफ्टची गोष्ट काढली आणि ती तू आधी ऐकलेली असली तरी ऐक, ती बोलताना ते नेहमीपेक्षा चार घास जास्त खातात. ते आणखी वाढून घेतील तेव्हा तूही घे. त्यांना जिंकू दे, पण सहजासहजी नको, त्यांना कळतं. आणि काय जेवलो ते एकमेकांना सांगू नका, समोर दिसतंच.

माझं विचारशील तर, मी माझ्या टेबलाशी बसते. खुर्ची आता डुगडुगत नाही. मागे एकदा नाना माझ्याकडे आले होते तेव्हा त्यांनी कुकरच्या माहितीपत्रकाची घडी करून पायाखाली सारली. माझं लिखाण कोणाच्यातरी कामी आलं ते तेवढंच. काल बारा मिनिटं बसले. चमचा खाली ठेवते. तोंड मोकळं झालं की बोलायला काहीतरी आठवतं, मग ते तसंच गिळते. आमची चित्रकार म्हणते, गुरुवारी मी येते जेवायला. ती फार भराभर जेवते. बघू.

एक राहिलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी हरले. दाराशी बॅग भरून ठेवलेली दिसली आणि मी चार मिनिटांत संपवलं. पूर्वीसारखं, उभी राहून. ताटली मोरीत ठेवली, चप्पल घातली आणि निघून आले. नानांची ताटली अजून जेवत होती. ते चावत होते.

काल किल्ली घेऊन वर गेले. फ्रिज बंद करायचा होता, रेडिओची वायर काढायची होती. त्यांनी ओटा पुसून ठेवला होता. पातेलं, डाव, पेले, सगळं घासून जागच्या जागी. मोरीत फक्त दोन ताटल्या होत्या, एक त्यांची आणि एक माझी. मुद्दाम ठेवलेल्या.

अन्न वाळून कडक झालं होतं. मी म्हटलं नव्हतं का, भांडी वाळतात? पाणी घालून भिजत ठेवल्या आणि त्यांच्या खुर्चीवर बसून राहिले. घाई करून उपयोग नव्हता. मग दोन्ही घासल्या, पुसल्या आणि उपड्या घातल्या.

नानांना एवढं सांग, भांडी झाली.